अर्ज भरून देणारी लिंक

गणपतीला कोकणात जायचं तर ठाण्या-डोंबिवलीतल्या चाकरमान्याची धावपळ गाडी सुटायच्या साठ दिवस आधी, सकाळी आठ वाजता सुरू होते. १ नोव्हेंबर २०२४ आधी ही मुदत १२० दिवसांची होती. कोकणकन्या, मांडवी, तुतारी, जनशताब्दी अशा ठाण्याला थांबणाऱ्या गाड्यांचं आरक्षण उघडतं आणि सणाच्या तारखांना बघता बघता वेटिंग लागतं. तिथे हुकलं की उरते आदल्या दिवशीची तत्काळ. वातानुकूलित डब्यांसाठी सकाळी दहा, स्लीपरसाठी अकरा. कल्याणहून विदर्भ किंवा सेवाग्राम पकडून अकोल्या-नागपूरकडे जाणाऱ्यांची दिवाळीत हीच गत असते. या सगळ्या धडपडीच्या मधोमध एक साधा वेब-अर्ज आहे: नाव, वय, लिंग, बर्थची पसंती, मोबाइल नंबर, मग पैसे भरायचं पान. तत्काळच्या एका तिकिटावर चार जण बसतात. चौघांचे तपशील टाइप करण्यात सरावलेल्या हाताचाही बराच वेळ जातो, आणि तेवढ्यात गाडी भरलेली असते.

ही टाइप करण्याची कसरत वाचवायला गेल्या दशकात एक युक्ती देशभर पसरली. आयआयटी रुरकीत शिकलेले आणि आग्र्याहून काम करणारे तंत्रलेखक अमित अगरवाल यांनी ‘आयआरसीटीसी मॅजिक ऑटोफिल’ नावाचं साधन फुकट उपलब्ध करून दिलं. आदल्या रात्री निवांतपणे प्रवाशांचे तपशील भरून ठेवायचे. त्यातून एक लिंक तयार व्हायची, ती ओढून ब्राउझरच्या बुकमार्क-पट्टीवर आणून सोडायची. सकाळी रेल्वेचा अर्ज समोर आला की त्या लिंकवर एक क्लिक, आणि रकाने भरलेले. कॅप्चा ओळखायचा आणि पैसे भरायचे ते ज्याचे त्याने.

एवढ्याशा लिंकभोवती गेल्या दहा-बारा वर्षांत पुष्कळ काही घडलं: रेल्वेचे प्रतिबंध, दलालांची सॉफ्टवेअरं, अटका, थेट सर्वोच्च न्यायालयाचा निकाल. क्लिकने अर्ज भरणं हे सोयीचं तंत्र आहे की लबाडीचं, हा प्रश्न त्यातून पुन्हा पुन्हा उभा राहिला. त्याचं उत्तर यंत्राच्या आतल्या एका बारीक रेषेवर अवलंबून आहे असं मला वाटतं, म्हणून आधी ते यंत्र नीट पाहू.

लिंक म्हणजे दुसऱ्या पानाचा पत्ता, एवढंच आपण धरून चालतो. ब्रेंडन आइक यांनी मे १९९५ मध्ये नेटस्केप कंपनीत दहा दिवसांत जावास्क्रिप्टचा पहिला नमुना लिहिला आणि त्या भाषेसोबत लिंकला एक नवी ताकद मिळाली. पत्त्याच्या सुरुवातीला नेहमीच्या ‘एचटीटीपी’ऐवजी ‘जावास्क्रिप्ट’ हा शब्द आणि पुढे विसर्गचिन्ह असेल, तर ब्राउझर कुठेही जात नाही. पुढचा मजकूर हा छोटा प्रोग्रॅम आहे असं समजून तो उघड्या पानावरच चालवतो. असा प्रोग्रॅम बुकमार्कमध्ये साठवता येतो. १९९८ मध्ये स्टीव्ह कँगस यांनी या प्रकाराला ‘बुकमार्कलेट’ हे नाव दिलं. मॅजिक ऑटोफिल त्याच घराण्यातलं. लिंकच्या पोटात नावं आणि वयं बांधलेली असत. क्लिक झाला की प्रोग्रॅम अर्जातला एकेक रकाना त्याच्या खुणेवरून शोधी आणि त्यात मजकूर ठेवी.

बाहेरून आणलेली लिंक हा एक प्रकार झाला. त्याहून साधा आणि निरुपद्रवी प्रकार अर्जाच्या पानातच असतो. समजा, डोंबिवलीतल्या एखाद्या वाचनालयाचा सभासदत्वाचा अर्ज आहे. पत्त्याच्या रकान्यांवर चार लिंका ठेवल्या: डोंबिवली पूर्व, डोंबिवली पश्चिम, कल्याण पश्चिम, कल्याण पूर्व. पहिलीवर बोट ठेवलं की शहर डोंबिवली, तालुका कल्याण, जिल्हा ठाणे, पिनकोड ४२१२०१. दुसरीवर ठेवलं की पिनकोड ४२१२०२. कल्याण पश्चिमेला ४२१३०१, पूर्वेला ४२१३०६. डोंबिवलीकराला आपला तालुका कल्याण आहे हे अर्ज भरताना हमखास आठवावं लागतं, आणि पूर्व-पश्चिमेचा पिनकोड चुकला की पत्र रुळांच्या पलीकडे जातं. इथे लिंक टाइपिंग वाचवते आणि चूकही टाळते.

हे करायला फार काही लागत नाही. प्रत्येक लिंकला तिची माहिती चिकटवून ठेवायची. क्लिक झाल्याची वर्दी जावास्क्रिप्टला मिळाली की आधी ब्राउझरला सांगायचं, ‘नेहमीप्रमाणे दुसऱ्या पानावर जाऊ नकोस.’ मग लिंकवरची माहिती वाचून रकान्यांत ठेवायची आणि कर्सर पुढच्या रिकाम्या रकान्यात नेऊन सोडायचा. हे शेवटचं पुष्कळ जण विसरतात. अर्ज भरून गेला, पण आता कुठे जायचं ते माणसाला कळत नाही, आणि पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर वापरणाऱ्या अंध व्यक्तीला तर काही भरलं गेलं याचाच पत्ता लागत नाही. खरं तर जी वस्तू कुठेही नेत नाही ती लिंक नसावी, ते बटण असावं. दिसायला लिंकसारखं ठेवा, पण आतून बटण करा, म्हणजे कीबोर्डवर काम करणाऱ्यालाही ते सापडेल.

तिसरा प्रकार आपण रोज वापरतो आणि त्याला अर्ज भरणं म्हणत नाही. पत्त्यात प्रश्नचिन्ह टाकून त्यापुढे रकान्याचं नाव आणि मजकूर लिहिला, तर उघडणारं पान तो मजकूर उचलून रकान्यात भरू शकतं. गूगल फॉर्ममध्ये अर्ध्या भरलेल्या अर्जाची लिंक काढून देण्याची सोय आहे ती याच रीतीची. सोसायटीच्या सचिवाने प्रत्येक विंगसाठी वेगळी लिंक पाठवली तर सभासदाला विंग आणि मजला लिहावाच लागत नाही. व्हॉट्सअ‍ॅपची ‘आमच्याशी बोला’ लिंक, विषयासकट उघडणारी ईमेलची लिंक, किराणा दुकानाच्या बिलावरची यूपीआयची लिंक ही सगळी याच प्रकारातली.

आता रेल्वेच्या अर्जाकडे परत येऊ. आयआरसीटीसी या रेल्वेच्या कंपनीची स्थापना सप्टेंबर १९९९ मधली. ऑगस्ट २००२ मध्ये तिची ऑनलाइन तिकिटविक्री सुरू झाली, तेव्हा तिकीट कुरिअरने घरी येत असे. पुढे ई-तिकीट आलं आणि खिडकीवरची रांग घरातल्या पडद्यावर सरकली. २०१४ मध्ये नवी यंत्रणा बसली, तेव्हा मिनिटाला दोन हजारांच्या जागी सात हजार दोनशे तिकिटांची क्षमता सांगितली गेली. क्षमता वाढली, डबे मात्र तेवढेच राहिले. म्हणून सगळी झुंज पहिल्या काही सेकंदांत येऊन साचली, आणि त्या सेकंदांत अर्ज कोण लवकर भरतो याला किंमत आली.

रेल्वेने त्यावर जे उपाय केले त्यातले काही विचारपूर्वक होते. कॅप्चा एका जागी होता तो अनेक जागी आला. प्रवाशांचे तपशील भरण्याला किमान वेळेची अट घालण्यात आली. त्या वेळेच्या आत अर्ज पुढे सरकला तर तो माणसाने भरलेला नाही असं यंत्रणेने धरायचं. ही अट मला विशेष महत्त्वाची वाटते, कारण ती भरण्याच्या सोयीवर बंदी घालत नाही, सोयीतून मिळणारी आघाडी तेवढी काढून घेते. ज्याने लिंकने भरलं आणि ज्याने भराभर टाइप केलं ते दोघे जवळपास एकाच वेळी पुढच्या पानावर येतात. सकाळच्या गर्दीच्या वेळी एका खात्यावरून किती तिकिटं काढायची यावर मर्यादा आली. अधिकृत एजंटांनाही सुरुवातीचा अर्धा तास थांबवलं गेलं.

शिवाय आयआरसीटीसीने स्वतःचीच सोय दिली, तिचं नाव मास्टर लिस्ट. घरच्या माणसांची नावं, वयं आधीच खात्यात नोंदवून ठेवायची आणि अर्जाच्या वेळी यादीतलं नाव निवडायचं. रकाने आपोआप भरतात. म्हणजे जे काम बाहेरची लिंक करत होती तेच अर्जाने आपल्या अंगणात आणलं. क्लिकने अर्ज भरणं मुळात गैर असतं तर रेल्वेनेच ते दिलं नसतं. आजही तत्काळ काढणाऱ्या प्रत्येकाला माझं पहिलं सांगणं हेच असतं की बाहेरच्या कुठल्याही साधनाच्या नादी लागण्याआधी मास्टर लिस्ट पूर्ण करून ठेवा.

२०१८ मध्ये संकेतस्थळाचं रूप बदललं आणि जुन्या ढंगाच्या लिंकांची पंचाईत झाली. याचं कारण तांत्रिक आहे, पण प्रत्येक वेब-विकासकाला कधी ना कधी भेटणारं आहे. नवं पान अँग्युलर या चौकटीवर उभं आहे. अशा चौकटीत पडद्यावरचा रकाना हा निव्वळ आरसा असतो. खरी नोंद आत वेगळी ठेवलेली असते. माणूस अक्षर टाइप करतो तेव्हा ब्राउझर ‘इनपुट’ नावाची वर्दी देतो आणि ती ऐकून आतली नोंद बदलते. जावास्क्रिप्टने रकान्यात थेट मजकूर ठेवला तर ही वर्दी जातच नाही. पडद्यावर नाव दिसतं, पण आतलं खातं कोरंच. ‘पुढे जा’ दाबलं की नाव भरा म्हणून लाल अक्षरं. उपाय एवढाच की मजकूर ठेवल्यावर ती वर्दी आपण हाताने पाठवायची. रिअ‍ॅक्ट नावाच्या दुसऱ्या लोकप्रिय चौकटीत त्याहून थोडी अधिक खटपट लागते. आणि इथे ब्राउझरने एक पहारा ठेवला आहे. माणसाच्या बोटाने उमटलेली वर्दी आणि प्रोग्रॅमने पाठवलेली वर्दी यांवर तो वेगवेगळी खूण करतो. संकेतस्थळाला ती खूण वाचता येते.

दलालांच्या जगात याच काळात वेगळीच वाढ झाली. डिसेंबर २०१७ मध्ये सीबीआयने आपल्याच एका सहायक प्रोग्रॅमरला अटक केली. तो पूर्वी आयआरसीटीसीत काम केलेला होता, आणि तत्काळची शेकडो तिकिटं एका दमात काढणारं सॉफ्टवेअर त्याने दलालांना पुरवल्याचा आरोप होता. जानेवारी २०२० मध्ये रेल्वे सुरक्षा दलाने एएनएमएस नावाच्या सॉफ्टवेअरभोवतीचं जाळं उघड केलं. त्याच वर्षी सप्टेंबरात ‘रिअल मँगो’ची पाळी आली. हे आधी ‘रेअर मँगो’ नावाने फिरत होतं. दलाने त्याची जी कार्यपद्धती जाहीर केली ती या लेखाच्या दृष्टीने वाचण्यासारखी आहे. ते प्रवाशांचे आणि पैसे भरण्याचे तपशील अर्जात आपोआप भरत असे. ते कॅप्चाला चुकवत असे. एका मोबाइल अ‍ॅपच्या मदतीने बँकेचा ओटीपी उचलून तोही अर्जात टाकत असे. आणि एकाच वेळी अनेक खात्यांतून आत शिरत असे. विक्री पाच पायऱ्यांच्या साखळीतून होई आणि वरच्या पायरीला पैसे बिटकॉइनमध्ये पोहोचत.

या चार कामांपैकी पहिलं, निदान प्रवाशांच्या तपशिलांपुरतं, मॅजिक ऑटोफिल करत होतं आणि मास्टर लिस्टही करते. गुन्हा उरलेल्या तिन्हींत आहे. कॅप्चा, ओटीपी आणि खातं या तिन्ही गोष्टी एकच प्रश्न विचारत असतात: समोर एक खरा माणूस आहे का, आणि त्याला हे हवं आहे का? रिअल मँगोने त्या प्रश्नाचं खोटं उत्तर दिलं. बातम्यांत मात्र ‘ऑटोफिल’ हा शब्दच गुन्ह्याचं नाव होऊन बसला, आणि आपल्या म्हाताऱ्या आईवडिलांची नावं साठवून ठेवणाऱ्या मुलालाही आपण काही चोरटं करतो आहोत की काय असं वाटू लागलं.

खरोखर अवघड ठरावं असं प्रकरण ऑक्टोबर २०२० मध्ये तमिळनाडूत तिरुपूरला घडलं. आयआयटी खरगपूरमधून शिकून आलेल्या एका तरुणाने ‘सुपर तत्काळ’ नावाची अ‍ॅप्स बनवली होती. ती अर्ज झटपट भरून देत आणि वापरणाऱ्याकडून प्रत्येक तिकिटामागे थोडे पैसे घेत. वापरणारे लाखाच्या घरात होते आणि चार वर्षांत त्याने सुमारे वीस लाख रुपये कमावल्याचं रेल्वे सुरक्षा दलाने सांगितलं. त्याला अटक झाली. तेव्हा अनेकांनी विचारलं की रेल्वेच्या मंद अर्जावर कुणी उपाय शोधला तर तो गुन्हेगार कसा? मला त्या तरुणाबद्दल सहानुभूती वाटते. तरीही रेल्वेचं म्हणणं उडवून लावण्याजोगं नव्हतं: परवान्याशिवाय तिकिटं मिळवून देण्याचा धंदा करणं कायद्याने मना आहे, आणि ज्याने पैसे दिले त्याला रांगेत पुढची जागा मिळते. फुकट वाटलेली लिंक आणि पैसे घेऊन विकलेला वेग यांत फरक आहेच.

तो कायदा म्हणजे १९८९ च्या रेल्वे कायद्याचं कलम १४३. अनधिकृतपणे तिकिटांचा धंदा करणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. हे कलम लिहिलं गेलं तेव्हा घरबसल्या तिकीट हा प्रकारच नव्हता, म्हणून ई-तिकिटांना ते लागू पडतं का, असा वाद होता. केरळ उच्च न्यायालयाने एका प्रकरणात लागू पडत नाही असं म्हटलं होतं. ९ जानेवारी २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. तिकीट खिडकीवरून काढा की पडद्यावरून, बिनपरवाना धंदा हा धंदाच. त्या प्रकरणातल्या माणसाने शेकडो खोटी खाती काढल्याचा आरोप होता. त्याच निकालात एका अधिकृत एजंटाविरुद्धचं प्रकरण मात्र न्यायालयाने रद्द ठरवलं, कारण त्याच्याकडे परवाना होता आणि अटींचा भंग हा वेगळा विषय आहे. न्यायालयाने यंत्राकडे बोट दाखवलं नाही. कोण, कुणासाठी आणि कुठल्या अधिकाराने तिकीट काढतो, एवढंच पाहिलं. अमेरिकेने डिसेंबर २०१६ मध्ये मैफली-सामन्यांच्या तिकिटांसाठी ‘बॉट्स अ‍ॅक्ट’ केला, त्याचाही रोख सुरक्षेचे अडसर चुकवण्यावर आहे.

माझ्या मते भरणं आणि पाठवणं ही दोन वेगळी कामं आहेत. भरणं यंत्राला खुशाल द्यावं. पाठवणं माणसाकडे राहावं. लोकांच्या रोजच्या वापरात टिकलेली साधनं तपासली की ती याच रेषेवर थांबलेली दिसतात. व्हॉट्सअ‍ॅपची लिंक संदेश लिहून ठेवते, पण पाठवायचा बाण आपल्यालाच दाबावा लागतो. २०१६ मध्ये आलेल्या यूपीआयच्या लिंकमध्ये घेणाऱ्याचा पत्ता, नाव, रक्कम सगळं भरून येतं, पण पिन टाकून किंवा अन्य रीतीने आपण संमती दिल्याशिवाय एक रुपया हलत नाही. कल्याणच्या भाजीबाजारात क्यूआर कोड वाचला की हेच घडतं. कोडच्या पोटात तशीच लिंक असते. पिनच्या पडद्यावर रक्कम आणि नाव मोठ्या अक्षरात दिसतं ते उगाच नाही. भरलेलं वाचून पाहायला माणसाला तिथे एक क्षण दिलेला असतो.

हा क्षण हिरावला की काय होतं त्याची दोन उदाहरणं इतिहासात आहेत. ट्विटरवर एके काळी अशी लिंक बनवता येई की ती उघडताच लिहायच्या चौकटीत मजकूर भरलेला असे. फेब्रुवारी २००९ मध्ये कुणीतरी ते पान एका दुसऱ्या पानात पारदर्शक करून ठेवलं आणि त्याच्या ‘पाठवा’ बटणाखाली बरोबर ‘क्लिक करू नका’ असं लिहिलेलं बटण मांडलं. लोकांनी कुतूहलाने ते दाबलं. खरं तर त्यांनी न दिसणारं ट्विटरचं बटण दाबलं, आणि तीच लिंक त्यांच्या नावाने पुढे गेली. त्या काळात अशा फसवणुकीवर तोडगा म्हणून ‘माझं पान दुसऱ्याच्या पानात दाखवू नका’ अशी आज्ञा ब्राउझरला देण्याची सोय रूढ झाली. अर्ज भरून देणारी लिंक ज्या संकेतस्थळावर चालते त्याने ही आज्ञा दिलीच पाहिजे.

दुसरं उदाहरण सप्टेंबर २०१२ मधलं. रविशंकर बोरगावकर या संशोधकाने एका परिषदेत दाखवलं की काही सॅमसंग फोनांवर, फोन नंबराच्या लिंकमध्ये विशिष्ट संकेत भरून ठेवला तर तो उघडताक्षणी अमलात येतो आणि फोनमधलं सगळं पुसलं जातं. नंबर लावण्याची कळ दाबावीच लागत नव्हती. डायलरच्या रकान्यात मजकूर भरणं आणि तो अमलात आणणं या दोन पायऱ्या त्या फोनांत एकमेकींत मिसळल्या होत्या. कंपनीला सुधारित आवृत्ती द्यावी लागली.

माहिती लिंकमध्ये ठेवण्याचाही एक धोका आहे, आणि तो गावोगावच्या छोट्या संस्था सर्रास ओढवून घेतात. प्रश्नचिन्हानंतरचा मजकूर पत्त्याचा भाग असतो. तो ब्राउझरच्या इतिहासात राहतो, सर्व्हरच्या नोंदवहीत उतरतो, व्हॉट्सअ‍ॅपच्या समूहावर पुढे ढकलला जातो. त्यात विंगचं नाव असेल तर हरकत नाही. आधार क्रमांक, जन्मतारीख, मोबाइल नंबर असेल तर तो सगळ्यांना वाटला गेला असं समजावं. ‘हॅश’ चिन्हानंतरचा भाग सर्व्हरकडे जात नाही, म्हणून तो थोडा बरा, पण इतिहासात राहतोच. विकासकाची दुसरी जबाबदारी अशी की लिंकमधून आलेला मजकूर हा परक्याचा मजकूर मानायचा. तो रकान्याची किंमत म्हणून ठेवला तर निव्वळ अक्षरं राहतो. पानाच्या मांडणीत थेट ओतला तर त्यात लपवलेला प्रोग्रॅम चालू शकतो.

वापरणाऱ्यानेही सावध राहावं. बुकमार्कलेट उघड्या पानावरचं सगळं वाचू शकतं, तुमचं बँकेचं पान उघडं असेल तर तेही. २०११ च्या सुमारास फेसबुकवर ‘हा मजकूर पत्त्याच्या पट्टीत चिकटवा’ असं सांगून लोकांना गंडवण्याचं पेव फुटलं. तेव्हापासून प्रमुख ब्राउझर चिकटवलेल्या पत्त्यातला सुरुवातीचा ‘जावास्क्रिप्ट’ हा शब्दच काढून टाकू लागले. जानेवारी २०१७ मध्ये फिनलंडमधल्या एका विकासकाने ब्राउझरच्या स्वतःच्या आपोआप भरण्यातला दोष दाखवला. पानावर नाव आणि ईमेल एवढेच रकाने दिसत, पण पडद्याबाहेर पत्ता आणि फोनचे रकाने दडवलेले असत आणि ब्राउझर तेही भरून टाकी. म्हणून माझा साधा नियम असा: काय भरलं जाणार आहे ते सगळं डोळ्यांना दिसलं पाहिजे.

या भीतींमुळे सोयच नाकारली तर सर्वांत मोठा तोटा ज्यांना ती हवी आहे त्यांचा होतो. हात थरथरणारे आजोबा, छोट्या पडद्यावर अक्षरं न दिसणाऱ्या आजी, एका हाताने काम करणारा माणूस, यांच्यासाठी चार रकाने भरणं हे फार मोठं काम असतं. वेब सुगम्यतेच्या जागतिक मार्गदर्शक तत्त्वांत २०१८ च्या आवृत्तीपासून असं अपेक्षित आहे की रकाना कशाचा आहे हे यंत्राला समजेल अशा खुणेने सांगावं, म्हणजे ब्राउझर तो भरू शकेल. ऑक्टोबर २०२३ च्या आवृत्तीने आणखी एक पाऊल टाकलं: एकाच कामात एकदा दिलेली माहिती पुन्हा टाइप करायला लावू नका. आपल्याकडे २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा आहे आणि सरकारी संकेतस्थळांसाठी याच तत्त्वांवर बेतलेल्या सूचनाही आहेत. तरी अर्ज पाहा. वर कायमचा पत्ता, खाली पत्रव्यवहाराचा पत्ता, आणि ‘वरीलप्रमाणेच’ ही एक टिचकी काही ठिकाणी नाहीच. काही ठिकाणी आहे, पण ती फक्त पडद्यावर भरते आणि आतलं खातं कोरं ठेवते. पूर्वनिश्चित याद्याही शिळ्या होतात. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाला. अशा बदलानंतर यादी सुधारली नाही, तर वसईच्या माणसाच्या अर्जात लिंक बिनदिक्कत ठाणे भरणार. टाइप करणारा एकदा चुकतो, लिंक प्रत्येकासाठी चुकते.

नावाच्या रकान्याचं दुखणं आपलं खास आहे. पहिलं नाव आणि आडनाव असे दोनच रकाने मानणाऱ्या अर्जात वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव कुठे जायचं? ब्राउझर ते कधी पहिल्या नावाला चिकटवतो, कधी गाळतो. इकडे आधारवरचं नाव आणि अर्जावरचं नाव तंतोतंत जुळलं पाहिजे असा आग्रह वाढत चालला आहे. अशा वेळी भरून आलेलं नाव वाचून पाहण्याची सवय लागणं फार महत्त्वाचं.

आधारचा विषय निघाला म्हणून रेल्वेकडे शेवटचं वळतो, कारण २०२५ मध्ये चित्र पुष्कळ बदललं. त्या वर्षी रेल्वेने अडीच कोटींहून अधिक संशयास्पद खाती बंद केल्याचं आणि तत्काळच्या पहिल्या पाच मिनिटांत आत शिरण्याच्या प्रयत्नांपैकी निम्म्यापर्यंत प्रयत्न यंत्रांचे असल्याचं सांगितलं. १ जुलैपासून आयआरसीटीसीवर तत्काळ फक्त आधार-पडताळणी झालेल्या खात्यांना, १५ जुलैपासून आधारशी जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी, आणि १ ऑक्टोबरपासून सर्वसाधारण आरक्षणाची पहिली पंधरा मिनिटंही पडताळलेल्या खात्यांनाच दिली गेली. ही दिशा मला पटते. भरण्याच्या सोयीशी भांडण्यापेक्षा पाठवणारा माणूस कोण हे पाहणं केव्हाही योग्य. ज्या घरात एकच मोबाइल आहे किंवा आधारला जुनाच नंबर जोडलेला आहे, त्यांच्यासाठी ठाणे, डोंबिवली, कल्याणच्या आरक्षण खिडक्या चालू ठेवाव्या लागतीलच.

मात्र पडताळणीने दलाल कमी झाले तरी शर्यत संपत नाही. पडताळलेले लाखो लोक आठच्या ठोक्याला एकदम दारावर येतात, आणि मग ज्याचं इंटरनेट वेगवान, ज्याचा फोन नवा, त्याचं तिकीट निघतं. चीनने हा अनुभव आधी घेतला. वसंतोत्सवाच्या तिकिटांसाठी तिथल्या रेल्वेच्या १२३०६ या संकेतस्थळावर अर्ज भरून पुन्हा पुन्हा प्रयत्न करणारी ब्राउझर-साधनं निघाली. त्यांतल्या एकाने जानेवारी २०१३ मध्ये गिटहबवरच्या फाइल्स इतक्या वेगाने मागवल्या की ते जगभरचं संकेतस्थळच अडखळलं. पुढे २०१९ च्या सुमारास चिनी रेल्वेने अधिकृत प्रतीक्षा-नोंदणी आणली. आधी मागणी आणि पैसे नोंदवा. कुणाचं तिकीट रद्द झालं की यंत्रणा क्रमाने देईल, पडद्याला चिकटून बसायचं कारण नाही. बाहेरच्या साधनांची निम्मी गरज तिथेच संपते.

आपल्याकडे म्हाडाची घरं सोडतीने मिळतात, आणि अर्ज पहिल्या दिवशी भरला की शेवटच्या, याने फरक पडत नाही हे ठाणे-कल्याणच्या हजारो अर्जदारांना ठाऊक आहे. गणपतीच्या विशेष गाड्यांसाठी असं का करू नये? आठवडाभर मागणी नोंदवायची, पडताळलेल्या खात्यामागे एकच अर्ज, मग सोडत, आणि उरलेल्यांची क्रमवार प्रतीक्षायादी. कोकणात पाच दिवस, सात दिवस की अनंत चतुर्दशीपर्यंत राहायचं हे प्रत्येक घराचं वेगळं असतं, म्हणून परतीचं तिकीट त्याच अर्जात जोडून मागता यायला हवं. अर्ज भरायला घाई नसेल तेव्हा तो लिंकने भरला की बोटाने, मास्टर लिस्टमधून भरला की शेजारच्या मुलाने बसून भरून दिला, याची रेल्वेला पर्वा करावी लागणार नाही. कुडाळला जाणाऱ्या चार जणांच्या कुटुंबाला दोन तिकिटं लागली आणि दोन हुकली तर काय, जोडीने दिलेला अर्ज एकत्रच लागावा की वेगवेगळा, हे प्रश्न मग ठरवावे लागतील. ते प्रवासी संघटनांनी आत्ताच मांडायला घ्यावेत.